सातचा पैसा, बाराचं पीक

आईच्या खात्यात दोन हजार रुपये जमा झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर येतो, कारण बँकेत नंबर माझा दिलाय. वर्षातून तीनदा केंद्राचे आणि पुढेमागे तेवढेच राज्याचे. पीएम-किसान आणि नमो शेतकरी महासन्मान मिळून वर्षाला १२ हजार. आई पुण्यात माझ्याकडे राहते. वाशीम जिल्ह्यातलं आमचं तीन एकर वावर तिनं गेल्या पाच वर्षांत दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा लग्नाला गेलो होतो आणि दोन्ही वेळा गाडीच्या काचेतूनच.

सरकारच्या लेखी ती शेतकरी आहे. गंमत अशी की ती शेतकरी झाली ते शेत सुटल्यावर. त्याआधी चाळीस वर्षं तिनं त्याच वावरात निंदण-खुरपण केलं, कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं, पण सातबाऱ्यावर नाव वडिलांचं होतं. २०२० मध्ये वडील गेले, वारस नोंद झाली, आम्ही दोघा भावांनी हक्कसोड करून आईचं एकटीचं नाव ठेवलं आणि तिला घेऊन पुण्याला आलो. कागदानं तिला शेतकरी केलं तेव्हा तिच्या हातातलं खुरपं सुटलं होतं.

वावर आता मामा करतात. ते सख्खे मामा नव्हेत. आई त्यांना भाऊ म्हणते म्हणून आमचे मामा. त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. आमचं तीन एकर आणि गावातल्याच दुसऱ्या एका घराचं पाच एकर, असं आठ एकर ते मक्त्यानं, म्हणजे मालकाला वर्षाची ठरलेली रक्कम देऊन, करतात. पीएम-किसानच्या यादीत त्यांचं नाव नाही. ही यादी कुणालाही पाहता येते. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की लाभार्थ्यांची नावं समोर येतात. मी आमच्या गावाची यादी एकदा सावकाश वाचली. त्यातली कितीतरी नावं आता पुणे, औरंगाबाद, सुरत इथं राहतात. दोन-तीन जण तर असे, की कपाशीची पऱ्हाटी आणि तूर शेजारी उभ्या केल्या तर कोणती कोणती ते त्यांना सांगता येणार नाही. मी स्वतःला त्यांच्यातून वगळत नाही.

हा घोटाळा नाही, हे आधीच सांगून टाकतो. घोटाळे वेगळे झाले आणि त्यांची चर्चाही झाली. २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांच्या खात्यांत ३ हजार कोटींच्या आसपास रक्कम गेली. वसुलीच्या नोटिसा निघाल्या, गावोगावच्या प्राप्तिकर भरणाऱ्यांना पैसे परत करावे लागले. ते ठीकच झालं. पण माझी आई अपात्र नाही, ती नियमात चोख बसते. माझं म्हणणं त्या नियमाबद्दल आहे. शेतीसाठी म्हणून निघणारा सरकारी पैसा आपण सातबाऱ्यातल्या सातला देतो, बाराला देत नाही.

ज्यांचा सातबाऱ्याशी संबंध फक्त बँकेत कर्जाला जोडण्यापुरता येतो त्यांच्यासाठी दोन ओळी. सातबारा म्हणजे एक कागद नव्हे, दोन नमुने एकाखाली एक जोडलेले. वरचा गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. जमीन कुणाची, क्षेत्र किती, बोजा कशाचा हे त्यात असतं. खालचा गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, किती क्षेत्रावर काय पेरलं हे तिथे लिहायचं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर या बारामध्ये ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना असायचा. म्हणजे ज्यानं हा कागद आखला त्याला ठाऊक होतं की मालक आणि करणारा हे दोन वेगळे इसम असू शकतात. आमच्या आजोबांच्या काळचा उतारा माझ्याकडे आहे. त्यावर या रकान्यात तलाठ्यानं वर्षानुवर्षं ‘खुद्द’ असं लफ्फेदार मोडवळणी अक्षरात लिहिलंय. आज तो उतारा निघाला तर तिथे काय लिहावं लागेल?

पीएम-किसान ही योजना फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आली. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती आणि पैसे पटकन पोचवायचे होते. आधी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, निवडणुकीनंतर सगळ्या जमीनधारक कुटुंबांना लागू झाली. घाईत हाताशी एकच तयार यादी होती, जमिनीच्या मालकांची. ती उचलली. १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली, त्या दिवशी जमीन नावावर हवी. त्यानंतर वारसानं आलेली चालते, विकत घेतलेली चालत नाही. म्हणजे मामांनी पोटाला चिमटा काढून २०२० मध्ये एखादा एकर घेतला असता तरी त्यांना काही मिळालं नसतं. आईला मिळालं, कारण वडील गेले.

या योजनेला एक श्रेय द्यायलाच हवं. तिनं एकरावर पैसे मोजले नाहीत. एकरवाल्याला सहा हजार आणि पन्नास एकरवाल्यालाही सहा हजार. तेलंगणानं २०१८ मध्ये रयतू बंधू सुरू केली ती एकरी हिशेबानं, सुरुवातीला एका हंगामाला एकरी चार हजार. ज्याची जमीन मोठी त्याची थैली मोठी. आणि तिथेही खंडकरी, म्हणजे मामांसारखा दुसऱ्याची जमीन मक्त्यानं करणारा, बाहेरच राहिला. त्या मानानं केंद्राची योजना बरी म्हणायची.

वगळलेल्यांची यादीही वरवर शहाणी दिसते. आजी-माजी मंत्री, आमदार-खासदार, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शनवाले, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आणि ज्यांनी मागच्या वर्षी प्राप्तिकर भरला ते. पण यात कुठेही ‘जो शेती करत नाही तो’ असं नाही. आता प्राप्तिकराची चाळणीही ढिली झाली. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. नियम शब्दशः घेतला तर खाजगी कंपनीत वर्षाला ११ लाख कमावणारा आणि गावी वडिलोपार्जित दोन एकर असलेला माणूस प्राप्तिकर भरत नाही, म्हणून शेतकरी सन्मानाला पात्र. आठ एकर नांगरणारे मामा मात्र भूमिहीन.

मामांचा हिशेब मांडतो. तो त्यांनीच मला पारावर बसून तोंडी सांगितला होता. मक्ता एकरी पंधरा हजार, पाडव्याच्या आधी रोख. सोयाबीन एकरी सात क्विंटल झालं तर बरं वर्ष. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण मामांच्या मालाला बाजारात चार हजार, फार तर एकेचाळीसशे मिळाले. म्हणजे एकरी २८-२९ हजार हाती. त्यातून बियाणं, खत, दोन-तीन फवारण्या, सोंगणी, मळणी, हमाली असे चौदा हजार वजा करा. उरतो तेवढा मक्ता, आणि तो तर आधीच देऊन झालेला. घर चालतं ते हरभऱ्यावर, तेही पाणी पुरलं आणि घाटे अळीनं सोडलं तर.

या हिशेबात जोखीम कुणाची? रोख मक्त्यात मालकाची जोखीम शून्य. पाऊस पडो न पडो, भाव चढो उतरो, आमचे ४५ हजार आधीच घरात आलेले असतात. वर सरकारचे बारा हजार. तीन एकरातून आईला वर्षाला ५७ हजार सुटतात आणि तिला आभाळाकडे बघावं लागत नाही. मामा रोज बघतात.

गेल्या पावसाळ्यात हे उघडं पडलं. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसानं मराठवाडा आणि विदर्भाचा मोठा पट्टा धुऊन काढला. आमच्या वावरातलं सोयाबीन आठवडाभर पाण्यात होतं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. राज्यानं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेआठ हजारांच्या दरानं नुकसानभरपाई आली, तीन एकराचे दहा हजारांच्या आसपास. आली कुणाच्या खात्यात? आईच्या. पीक मामांचं बुडालं होतं. आईनं त्यातले अर्धे मामांना दिले. मी म्हणालो, सगळे दे. भाऊ म्हणाला, एक रुपयाही द्यायचा नाही, उद्या हक्क सांगतील. अर्धे हा आमच्या घरातला तह होता. याला मी न्याय म्हणत नाही, आणि आईच्या दानतीवर मामांचं पीक सोडणाऱ्या व्यवस्थेला तर नाहीच.

भावाच्या त्या वाक्यातच गाठ आहे. ‘हक्क सांगतील.’ ही भीती तीन पिढ्यांची आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, मराठवाड्यात तेव्हाच्या हैदराबाद राज्यातून आलेला १९५० चा कायदा, विदर्भात १९५८ चा. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कागदावर उतरली, लाखो कुळं मालक झाली आणि ते फार चांगलं झालं. पण त्यानंतर जमीनमालकांनी एक धडा पक्का गिरवला, दुसऱ्याच्या कसण्याची नोंद कुठेच होऊ द्यायची नाही. जमीन मक्त्यानं द्यायची, पण तोंडी. दरवर्षी माणूस बदलायचा, किंवा निदान वावर बदलायचं. तलाठ्याला सांगायचं, खुद्द. कसणाऱ्याला मालक करण्यासाठी झालेल्या कायद्याचा शेवट असा झाला की कसणारा कागदावरून पुसला गेला. आणि सरकारनं पैसे वाटायला काढले तेव्हा तो सापडेना.

पैसे मिळत नाहीत एवढ्यावर हे थांबत नाही. पीककर्ज सातबाऱ्यावर. पीकविम्यात खंडकरी बसतो, पण करारनामा दाखवला तर, आणि करारनामा कुणी करून देत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी एक लाखाची मदत २००६ पासून पात्र-अपात्र ठरते, आणि पात्रतेची एक अट अशी की जमीन मृताच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर हवी. मक्त्याच्या वावरापायी कर्जात बुडून कुणी जीव दिला तर तो सरकारी दफ्तरात शेतकरी म्हणून मरतही नाही. आणि १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो निघतो जमिनीच्या नोंदीवरून. पुण्यातल्या एका सेवा केंद्रात आईचा आधार आणि माझ्या फोनवरचा ओटीपी एवढ्यावर तिचा क्रमांक निघाला, पाव तासात. मामांना तो मिळणार नाही. कालपर्यंत एकेका योजनेचं दार बंद होतं, आता सगळ्या दारांना मिळून एकच कुलूप आहे.

इथे हटकून एक उलटा सवाल येतो. पैसे मक्तेदाराला द्यायचे म्हटलं की मालक मक्ता वाढवणार, मग शेवटी ते मालकाच्याच खिशात जाणार, हा उपद्व्याप कशाला? सवाल खोटा नाही. यासाठी थोडं लांब, अमेरिकेला जाऊ, कारण शेतीचा सरकारी पैसा मालकाचा की करणाऱ्याचा हा वाद तिथे आपल्या आधी होऊन गेलाय.

तिथे काउंटी नावाचा भाग असतो, आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा, आणि ग्रामीण काउंटीत शेती अनुदान हा गप्पांचा नेहमीचा विषय. २००१ मध्ये एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेनं सरकारकडून माहिती मिळवून, कोणत्या काउंटीत कुणाला किती अनुदान गेलं हे नावानिशी इंटरनेटवर टाकलं. लोकांनी शेजाऱ्यांचे आकडे वाचले, आपण गावची यादी वाचतो तसे. त्या काळात तिथे ‘डायरेक्ट पेमेंट’ म्हणून ठोक पैसे मिळायचे, जमिनीवर पूर्वी जे पीक होतं त्याच्या हिशेबानं. आज पेरा किंवा पेरू नका. २००६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं छापलं की २००० पासून १ अब्ज ३० कोटी डॉलर अशा लोकांना गेले जे शेतीच करत नव्हते. टेक्सासमध्ये जुन्या भातशेतीचे तुकडे पाडून त्यावर घरं उठली होती आणि घरवाल्यांना परसातल्या गवताबद्दल भाताचे पैसे मिळत होते. काही ठिकाणी तर मालकांनी खंडकऱ्यांना काढून टाकलं, कारण काही न पेरताच पैसे सरळ आपल्याला मिळत असतील तर मध्ये माणूस कशाला? २०१४ च्या कायद्यानं हे ठोक पैसे बंद झाले.

त्यांच्या शेतीधोरणाचं कौतुक करावं अशी माझी इच्छा नाही, मोठ्यांना मोठं करण्यात ते कुणाला हार जात नाहीत. पण त्यांच्या नियमपुस्तकात एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही. जमीन रोख खंडानं दिली असेल तर पिकाच्या अनुदानाचा हक्क खंडकऱ्याचा, मालकाचा नाही. वाट्यानं दिली असेल तर वाट्याप्रमाणे दोघांचा. पिकाची जोखीम ज्याच्या डोक्यावर, पैसा त्याच्या खात्यात. आणि मक्ता वाढण्याचं म्हणाल तर बॅरेट किरवान या अर्थतज्ज्ञानं तिथल्या आकड्यांवरून ते मोजून २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. अनुदानाच्या एका डॉलरमागे साधारण २५ सेंट वाढीव खंडाच्या रूपानं मालकाकडे जातात. म्हणजे चार आणे गेले, बारा आणे करणाऱ्याकडे राहिले. आपल्याकडे जमिनीची चणचण जास्त, मक्तेदाराची बाजू लंगडी, तेव्हा आठ आणे जातील असं धरू. तरी आठ आणे राहतील. आज सोळाही आणे मालकाचे आहेत.

टेक्सासचा दुसरा धडाही घ्यावा लागेल. पैसा पिकाशी बांधलेला नसला की मालक मक्तेदाराला उठवून स्वतः लाभार्थी होतो. म्हणून नुसतं ‘कसणाऱ्याला द्या’ म्हणून भागत नाही. पेरलं आहे आणि कुणी पेरलं आहे, हे दोन्ही कळलं पाहिजे. म्हणजे परत नमुना बारा.

आणि बारा आता तलाठ्याच्या दप्तरात पडून राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. वावरात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा, गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं. ॲप अडतं, रेंज मिळत नाही, पावसाळ्यात सर्व्हर झोपतो, हे सगळं मान्य. पण सरकारनं या नोंदीवर पैसे वाटूनही दाखवलेत. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, चार हजार कोटींहून अधिक तरतूद. कुणाच्या वावरात खरंच सोयाबीन होतं हे नमुना बारातल्या नोंदींवरून पाहिलं गेलं. म्हणजे बारा वाचता येतो हे सिद्ध झालं. पण वाचून पैसे दिले ते परत सातवरच्या खातेदाराला! सामायिक खात्यात भावाभावांची संमतीपत्रं मागितली, आधार मागितले, आणि ज्यानं सोयाबीन पेरलं त्याचं नाव काय हे मात्र विचारलं नाही.

दुसऱ्या राज्यांनी विचारलंय. ओडिशाच्या कालिया योजनेत २०१८-१९ मध्ये बटईदार आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबंही घेतली गेली. बंगालच्या कृषक बंधूत बर्गादार, म्हणजे तिथले वाट्यानं जमीन करणारे, आहेत, कारण १९७८ पासून ऑपरेशन बर्गात त्यांची नावं सरकारी दप्तरात चढली होती. चाळीस वर्षांनी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा ती यादी तयार होती. आंध्रनं २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा कायदा केला, अकरा महिन्यांचं कार्ड द्यायचं ठरवलं आणि त्यावर मालकाची सही लागेल असंही ठरवलं. सहीपाशी घोडं अडलं. जो मालक तोंडी मक्त्यावर ठाम आहे तो सही कशाला करेल? म्हणून आंध्राची नक्कल करण्यात अर्थ नाही.

सही मिळायची असेल तर आधी भीती जायला हवी. निती आयोगाच्या समितीनं २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला होता. त्याचा गाभा एवढाच की पट्टा कितीही वर्षं चालला तरी त्यातून मालकी हक्क निर्माण होणार नाही, आणि पट्ट्याच्या मुदतीत कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळेल. डाव्या विचारांच्या माझ्या काही मित्रांना हे कूळकायद्याचं श्राद्ध वाटतं. मला त्यांचं दुःख कळतं. पण आज मक्त्यावर जगणाऱ्या माणसाला ‘कसेल त्याची जमीन’मधून जमीन मिळणार नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जी मिळणार नाही तिच्या आशेपायी जे मिळू शकतं तेही त्याच्या हातून घालवायचं, हे कुणाच्या हिताचं?

खोट्या नोंदींची भीती मात्र खरी आहे. एक रुपयात पीकविमा होता त्या काळात आपण पाहिलं की दुसऱ्याच्या, सरकारी, देवस्थानाच्या जमिनींवरही विमे उतरवले गेले. मालकीचा कागद सोडला तर उद्या कुणीही उठून अमक्याचं वावर मी करतो म्हणेल. याला उपाय नवं ॲप हा नव्हे. याला उपाय गावात आहे आणि जुना आहे. चावडी वाचन. सातबाऱ्यावरच्या नोंदी चावडीवर मोठ्यानं वाचायच्या आणि हरकती घ्यायच्या, ही पद्धत आपल्याकडे आहे, अधूनमधून मोहिमा निघतात. हंगामाच्या मध्यावर नमुना बारा वाचा ना, करणाऱ्याच्या नावासह. कुणाचं वावर कोण करतं हे गावात पोराटोरांना ठाऊक असतं. मुंबईतल्या सर्व्हरला ते ठाऊक नाही हा त्या सर्व्हरचा दोष, गावाचा नव्हे. वाचनात भांडणं होतील, होऊ देत. आता भांडण होत नाही याचं कारण एकच, दुसऱ्या बाजूला बोलायला जागा नाही.

खताच्या पोत्याचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. युरियाचं ४५ किलोचं पोतं शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडतं, बाकीचा मोठा भार सरकार उचलतं. २०२२-२३ मध्ये देशाचा खतांच्या अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटींच्या घरात गेला होता, पीएम-किसानच्या चौपट. हे अनुदान वाईट म्हणून बदनाम आहे आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. युरिया स्वस्त म्हणून बेसुमार पडतो आणि जमिनीची वाट लागते. अर्थतज्ज्ञ म्हणतात, हे बंद करून पैसे थेट खात्यात द्या, तोच शहाणपणा. पण मामांच्या बाजूनं बघा. दुकानात मामांचा अंगठा घेतात, सातबारा कुणी मागत नाही. पोतं मामांच्या खांद्यावरून वावरात जातं. सरकारच्या सगळ्या मदतीत मामांपर्यंत पुरी पोचणारी ही एकच, कारण ती पोत्यात आहे, खात्यात नाही. उद्या ती खात्यात वळवली आणि खातं सातवरून ठरलं, तर मामांना युरिया बाजारभावानं आणि आईला पुण्यात बसून खताचे पैसे. ‘थेट लाभ’ म्हणजे नेमकं कुणाला थेट, हे ठरल्याशिवाय या सुधारणेचं समर्थन मला जमत नाही.

आईशी मी हे बोललो. ती रागावली. ‘चाळीस वर्षं राबले तेव्हा कुणी दोन रुपये दिले नाहीत. आता देतात तर तू परत कर म्हणतोस?’ पोर्टलवर स्वेच्छेनं लाभ सोडायची सोय आहे, ती मी तिला दाखवली होती, मूर्खपणाच केला. तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. त्या बारा हजारांत तिच्या बीपीच्या गोळ्या येतात, माझ्याकडे हात पसरावा लागत नाही. म्हातारपणी बाईच्या हातात स्वतःचा पैसा असावा, यावर माझा वाद नाही. पण मग ते पेन्शन आहे. त्याला पेन्शन म्हणा, आणि मामींनाही द्या, त्याही तेवढीच वर्षं राबल्यात. सरकारचाही यात गोंधळच आहे. शेतकरी योजनांतून महिना हजार मिळणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे दीड हजार न देता पाचशेच द्यायचे असं ठरलं. म्हणजे खर्च वाचवताना हा पैसा घरखर्चाची मदत ठरतो आणि वाशीमच्या सभेत हप्ता सोडताना तोच शेतकऱ्याचा सन्मान. दोन्ही एकदम कसं असेल? गरीब वृद्धेची मदत ही तिच्या गरजेवरून ठरावी आणि शेतीची मदत पेरणाऱ्यावरून. आज दोन्ही ठरतात वडिलांच्या मृत्यूनंतर झालेल्या फेरफारावरून.

आणि रक्कम तरी केवढी! २०१९ ला सहा हजार, आजही सहा हजार. तेव्हाच्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न सरकारी पाहणीत १०,२१८ रुपये निघालं होतं, त्याला महिना पाचशेचा हा टेकू. मधल्या काळात महागाई तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढली, म्हणजे टेकू पाव हिश्शाहून जास्त खचला. रक्कम वाढवा ही मागणी दर अर्थसंकल्पाआधी होते. मी ती करणार नाही. आहे त्याच रचनेत रक्कम दुप्पट केली तर आमचं आणि मामांचं अंतर दुप्पट होईल, एवढंच.

मक्त्याचा करार लिहून द्यायला मी तयार आहे असं मामांना दिवाळीत सांगितलं. पाचशेचा स्टॅम्पही घेऊन गेलो होतो. वाटलं, खूश होतील. मामा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, ‘कागद कशाले बापा. तू देशीन, पण त्या पाच एकरवाल्याच्या कानावर गेलं का मी कागद मागतो, तर पाडव्याले वावर दुसऱ्याच्या घरी जाईन. मंग तुह्या तीन एकरात मी काय खाऊ?’ भीती फक्त मालकाला आहे असं मी इतके दिवस समजत होतो. स्टॅम्प कपाटात आहे.

हरभऱ्याची ई-पीक पाहणी मागच्या आठवड्यात झाली. मी पुण्यात, आईही इथेच, म्हणून मामांच्या मुलानं त्याच्या फोनवर केली. गट नंबर टाकला, खातं निवडलं, वावराच्या मधोमध उभं राहून फोटो काढला आणि नोंद झाल्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. हरभरा यंदा जोमदार आहे. खाली पीक, क्षेत्र, लागवडीची तारीख, सगळं बरोबर होतं. खातेदाराचं नाव आईचं.